भाड्याचे घर व वादळाची रात्र: कर्तव्य कोणाचे?

आपले घर आपण राखावे, हे कोणास शिकवावे लागत नाही. ज्या छपराखाली आपली मुले निजतात त्याचे एक कौल जरी सरकले, तरी मनुष्य भर पावसात उठून शिडी लावतो. परंतु जे घर एकाचे आणि त्यात राहणारा दुसरा, अशा घराचे रक्षण कोणी करावे? मालक म्हणतो, ‘जो राहतो तो सांभाळील.’ राहणारा म्हणतो, ‘ज्याचे घर तो पाहील.’ ह्या दोन बोलण्यांच्या मध्ये आगोट निघून जाते आणि पावसाळा दाराशी येऊन ठेपतो. हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा दिसतो. परंतु त्यात मनुष्यांचे जीव गुंतलेले असल्यामुळे तो नीतीचाही आहे, आणि वाचकांनी त्याचा नीट विचार करावा असे आम्हांस वाटते.

हा शहरातल्या लोकांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. पूर्वी खेड्यात भाड्याचे घर विरळाच असे. आता शाळेचे मास्तर, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, बँकेतले कारकून, औद्योगिक वसाहतीतले कामगार, शिकावयास आलेली मुले ही सर्व खेड्यापाड्यांत भाड्याने राहतात. कोकणात तर घराचा धनी मुंबईस चाकरीला, आणि गावच्या घराच्या दोन खोल्या दुसऱ्या कुटुंबास दिलेल्या, हा प्रकार नित्याचा आहे. तेव्हा आपल्यापैकी कित्येक मालक आहेत, कित्येक भाडेकरू आहेत, आणि काही तर एके ठिकाणी मालक व दुसरे ठिकाणी भाडेकरू आहेत.

वादळ म्हणजे काय हे रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील लोकांस सांगावयास नको. सन २०२० च्या जूनच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. हवामान खात्याने आधीपासून इशारे दिले होते, किनाऱ्यावरील हजारो लोकांस सुरक्षित जागी हलविण्यात आले होते, आणि त्यामुळे प्राणहानी फार झाली नाही. परंतु श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली ह्या बाजूस घरांची कौले व पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या पिढीजात बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. पुढच्याच वर्षी, सन २०२१ च्या मे महिन्यात, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर गुजराथेकडे गेले. आणि त्याच वर्षी जुलैच्या २२ तारखेस महाड व चिपळूण ही गावे पुराच्या पाण्यात बुडाली. ज्यांचे बिऱ्हाड तळमजल्यावर भाड्याच्या खोलीत होते त्यांची अंथरुणे, धान्य, मुलांची पुस्तके, सर्व चिखल झाले.

अशा प्रसंगानंतर एक वाक्य सर्वांच्या तोंडी असते, ते हे की, ‘ही दैवी आपत्ती, हिला मनुष्याने काय करावे?’ ह्या वाक्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते फार सांभाळून वापरले पाहिजे. वारा कोणाच्या आज्ञेने सुटत नाही, हे खरे. पण छप्पर कसे उडते ते पाहा. पुष्कळांची समजूत अशी आहे की वारा छपरास ढकलून पाडतो. तसे नाही. जोराचा वारा उतरत्या छपरावरून वाहू लागला म्हणजे त्याच्या वरच्या अंगास हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. इतक्यात वाऱ्याकडील एखादे दार किंवा खिडकी मोडली, तर आत शिरलेला वारा त्यास खालून उचलतो. म्हणजे वादळात छपरावर वजनाहून अधिक उपयोग बंधनाचा आहे. पत्रा हूक-बोल्ट व वायसर लावून रिपेस घट्ट आवळलेला आहे काय, रीप वाशास व वासा भिंतीवरच्या तुळईस बांधलेला आहे काय, ह्यावर सर्व अवलंबून असते. पत्र्यावर नुसते दगड ठेवून जो निश्चिंत होतो, त्याच्या घरचे ते दगड वादळात शेजाऱ्याच्या अंगावर येतात. तर मग एकाच वाऱ्यात एका घराचे छप्पर गेले आणि शेजारच्या तशाच घराचे राहिले, ह्याचे कारण वाऱ्यात शोधावयाचे की गंजलेल्या बोल्टात? वारा दैवाचा असेल, परंतु बोल्ट मनुष्याचा आहे. ज्या ठिकाणी मनुष्याचा हात पोहोचत होता आणि पोहोचला नाही, त्या ठिकाणी दैवाचे नाव घेणे म्हणजे आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

ही जाणीव आजची नव्हे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी ह्याने सुमारे पावणेचार हजार वर्षांमागे दगडावर कोरविलेले कायदे इ. स. १९०१ मध्ये सापडले. त्यांत घर बांधणाऱ्याने काम कच्चे केले व घर कोसळून धनी मेला, तर बांधणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. ही शिक्षा आपणांस क्रूर वाटते, आणि ती आहेही. परंतु कोसळलेले घर म्हणजे केवळ नशीब नव्हे, इतके त्या काळच्या लोकांस कळत होते. जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात ह्याहून सौम्य पण अधिक खोल असा एक नियम आहे. नवे घर बांधणाराने धाब्यास कठडा करावा. न केल्यास व कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. ह्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कोणी पडण्यापूर्वीच कठडा मागितला आहे. हम्मुराबीचा नियम मेलेल्याचा हिशेब घेतो. हा दुसरा नियम जिवंत मनुष्यास जिवंत ठेवावयास सांगतो. शिवाय तो कठडा कोणासाठी आहे? घरच्या मनुष्यास आपल्या धाब्याची कड ठाऊक असते. कठडा विशेषेकरून त्याच्यासाठी आहे, ज्यास ती ठाऊक नाही.

भाडेकरूची स्थिती नेमकी हीच असते. मालकाचा जन्म त्या घरात गेलेला असतो. कोणत्या कोपऱ्यात गळते, कोणता वासा वाळवीने पोखरला आहे, गेल्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, परसातील कोणत्या माडाचा भरवसा नाही, हे सर्व त्यास पाठ असते. भाडेकरू येतो तो माघ-फाल्गुनात. भिंतीस नवी सफेदी असते, अंगण कोरडे असते, आणि त्यास सर्व चांगलेच दिसते. ह्या दोघांच्या ज्ञानात जे अंतर आहे त्यातच मालकाच्या पहिल्या कर्तव्याचे मूळ आहे. आपल्या देशाच्या सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात हीच गोष्ट सांगितली आहे: जो मोठा दोष देणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास नाही, व साधारण काळजीने त्याला तो कळण्यासारखा नाही, तो दोष देणाऱ्याने आधी सांगितला पाहिजे. हे सांगण्यास एक पैसा पडत नाही. तरीही हेच कर्तव्य सर्वांत अधिक टाळले जाते, कारण खरे सांगितले तर भाडे कमी होईल अशी भीती असते. असे मौन राखून जे अधिक भाडे मिळते, ते दुसऱ्याच्या अज्ञानाचे भाडे होय.

आता मालकाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. तो म्हणतो, ‘भाडे इतके थोडे, त्यातून दुरुस्ती कशी करू?’ ही तक्रार सर्वदा खोटी नसते. मुंबई शहराचा इतिहास ह्याची साक्ष आहे. सन १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तेथील घरांची भाडी १९४० सालच्या मानाने बांधून टाकली. गरीब भाडेकरूस आसरा मिळावा हा हेतू उत्तम होता. परंतु वस्तूंचे भाव चढत गेले, भाडे तेथेच राहिले, आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. चाळी कुजू लागल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या, आणि शेवटी सन १९६९ मध्ये सरकारास कर बसवून त्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापावे लागले. अशा इमारती सुमारे साडेएकोणीस हजार होत्या. पुढे सन १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणे अन्यायाचे ठरविले, आणि सन १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल शेकडा ४ प्रमाणे भाडेवाढ करण्याची मोकळीक दिली. ह्यावरून इतके स्पष्ट होते की, जो भाडेकरू पक्के घर मागतो, त्याने घर पक्के राखण्याइतके भाडे देण्यास कुरकुर करू नये. स्वस्त भाडे व भक्कम छप्पर ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नेहमी मिळत नाहीत.

परंतु मालकाच्या तक्रारीस मर्यादा आहे. भाडे कमी आहे म्हणून दुरुस्ती थोडी करणे एक, आणि घर धोक्याचे आहे हे ठाऊक असता त्यात मनुष्यांस ठेवून भाडे घेत राहणे दुसरे. भाडे म्हणजे नुसत्या चार भिंतींचे मोल नव्हे. भिंती तर पडक्या वाड्यालाही असतात. मनुष्य भाडे देतो ते आसऱ्यासाठी, आणि जो आसरा पहिल्या मोठ्या वाऱ्यात आसरा राहात नाही, त्याचे भाडे घेणे म्हणजे जे आपण दिले नाही त्याचे पैसे घेणे आहे. ज्या शहरांस व गावांस सन १९९९ चा कायदा लागू आहे, तेथे वेगळा करार नसल्यास घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने ते न केल्यास भाडेकरूने निदान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी मुदतीनंतर स्वतः दुरुस्ती करावी व तो खर्च, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत, भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद त्याच्या १४ व्या कलमात आहे. पाणी, वीज अशा जीवनावश्यक सोयी तोडून भाडेकरूस जेरीस आणण्यासही त्या कायद्याने मनाई केली आहे.

कित्येक मालक स्वतः दरिद्री असतात, हेही विसरू नये. एखादी विधवा बाई दोन खोल्यांच्या भाड्यावर आपले पोट भरते. तिने नवे पत्रे कोठून आणावे? येथे आमचे उत्तर असे की, कर्तव्य शक्तीप्रमाणे लहानमोठे होते, पण नाहीसे होत नाही. तिने पत्रे आणावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिने भाडेकरूस एवढे तरी सांगावे, ‘मास्तर, पश्चिमेकडच्या खोलीचा वासा कच्चा आहे. मोठा वारा सुटेल त्या रात्री मुलांना घेऊन माझ्या माजघरात निजायला या.’ आणि मास्तरांनी म्हणावे, ‘काकू, दोन महिन्यांचे भाडे आगाऊ घ्या, सुतार आणू, वासा बदलू, मी हाताखाली उभा राहतो.’ असे जेथे होते तेथे पैसा थोडा असूनही घर राखले जाते. उलट, ज्याच्यापाशी पैसा आहे व जो दूर शहरात बसून दरमहा भाडे मोजून घेतो, परंतु पावसाळ्यापूर्वी एकदाही घर पाहावयास येत नाही, त्याच्यावर अधिक भार आहे. कारण त्याची शक्ती अधिक आहे.

भाडेकरूचे कर्तव्य काय? ‘घर माझे नव्हे’ असे म्हणून तो सुटत नाही, कारण जीव त्याचाच आहे. मालकाच्या डोळ्यांस जे आता दिसत नाही ते भाडेकरूस रोज दिसते. भिंतीस नवी चीर गेली, कौल फुटले, मेन स्विचमधून ठिणग्या येऊ लागल्या, तर ते लगेच व शक्य तर लेखी कळविणे हे त्याचे पहिले काम. पन्हळ व गटार पाल्यापाचोळ्याने तुंबू न देणे, हे दुसरे. आकडा टाकून वीज न घेणे, व एकाच तारेवर दहा यंत्रे न चालविणे, हे तिसरे. वादळाचा इशारा झाल्यावर गच्चीवरील पिंपे, पत्र्याचे तुकडे, फळ्या आत घेणे अथवा बांधणे, हे चौथे. कारण वाऱ्याने उडालेली वस्तू मालक व भाडेकरू असा भेद पाहात नाही. आणि घर सोडण्यास सांगितले असता सामानाच्या लोभाने न थांबणे, हे पाचवे. जो भाडेकरू वर्षभर काही कळवीत नाही आणि छप्पर गेल्यावर मालकास शिव्या देतो, त्याने आपल्या वाट्याचे काम केले असे म्हणता येणार नाही.

येथवर छपराचे झाले. आता विजेचे पाहू. कारण वादळ काही तासांत निघून जाते, पण अंधार मागे राहतो. आमच्या आजोबांच्या काळी वादळ झाले तरी विहिरीवर रहाट होता व कोनाड्यात दिवा होता. आज पाणी पंपाने चढते, पीठ गिरणीत दळले जाते, औषध शीतपेटीत राहते, आणि मदत मागावयाची तर तीही मोबाइलवरून. आणि ह्या सर्वांचा प्राण एका तारेत आहे. ती तार तुटली म्हणजे कोणावर अधिक भार पडतो? ज्याच्यापाशी इन्व्हर्टर व मोटार आहे तो चार दिवस पाहुण्यांकडे जातो. ज्याच्यापाशी काही नाही, जो अंथरुणास खिळला आहे, जिचे मूल तान्हे आहे, तो व ती तेथेच राहतात.

सन २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ‘अर्मा’ वादळ झाले. तेथील एका शुश्रूषागृहात वृद्ध व दुबळे लोक पैसे देऊन ठेवलेले होते. वादळाने इमारत पडली नाही. परंतु खोल्या थंड ठेवणारे यंत्र विजेअभावी बंद पडले, आत उष्मा वाढत गेला, आणि काही दिवसांत १२ माणसे मेली. समोरच, रस्त्यापलीकडे, मोठे इस्पितळ होते व तेथे वीज चालू होती. ह्या गोष्टीचा मनास धक्का बसतो तो ह्यामुळे, की उपाय शंभर पावलांवर होता. पुढच्या वर्षी त्या राज्यात अशा गृहांनी वीज गेल्यावर ९६ तास खोल्या थंड ठेवता येतील इतकी जनित्राची सोय करावी असा नियम पक्का झाला. दुसरे उदाहरण टेक्सास राज्याचे. सन २०२१ च्या फेब्रुवारीत तेथे बर्फाचे वादळ झाले, ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू मोजले. बहुतेक लोक थंडीने मेले. परंतु काही असे मेले की त्यांनी ऊब मिळावी म्हणून बंद घरात कोळसे पेटविले किंवा जनित्र चालविले, आणि त्यातून निघणाऱ्या वासहीन विषारी वायूने त्यांस झोपेतच गाठले. आपल्याकडेही पावसाळ्यात दारेखिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून निजण्याची चाल कोठे कोठे आहे. ती सोडली पाहिजे. हा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांस दिसत नाही, नाकास कळत नाही, व सावधही करीत नाही.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. वीज गेली असता कित्येक मालक भाड्याने जनित्र आणतात व त्याची तार घराच्या तारांस सरळ जोडून देतात. मध्ये चेंजओव्हर स्विच नसेल तर तो प्रवाह उलटा बाहेरच्या ताराकडे जातो, आणि दूर खांबावर चढलेला वायरमन, ही तार मेलेली आहे अशा समजुतीने हात लावतो व प्राणास मुकतो. आपल्या घरात दिवा लागावा म्हणून ज्यास आपण कधी पाहिले नाही अशा मनुष्याचा दिवा मालवावा, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती? आपले कर्तव्य आपल्या कुंपणापाशी संपत नाही, हे ह्या एका तारेवरून कळते. तसेच रस्त्यावर तुटलेली तार पडलेली दिसल्यास ती बंद असेल असे धरून चालू नये. मुलांस व गुरांस दूर ठेवून १९१२ ह्या क्रमांकावर कळवावे.

मग करावे तरी काय? आमच्या कोकणात पूर्वी एक चाल होती, तीत ह्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आहे. मृगापूर्वी प्रत्येक घर शाकारीत असत. कौले उतरवून झाडणे, फुटकी बदलणे, रिपा पाहणे, पावसाच्या अंगास झावळ्यांच्या झडी बांधणे, लाकूडफाटा, मीठ, सुकी मासळी भरून ठेवणे, हे सर्व आगोटीचे काम असे, आणि एकाच्या छपरावर चार शेजारी चढत. कौले जाऊन पत्रे आले तशी शाकारणी मागे पडली. घर भाड्याने गेले तशी ती कोणाचीच राहिली नाही. ती पुन्हा चालू करावी, इतकेच आमचे म्हणणे. वैशाखाच्या अखेरीस एखाद्या दिवशी मालक व भाडेकरू ह्या दोघांनी मिळून घराभोवती व घरावर एक फेरा घालावा. पत्र्याचे बोल्ट, आढे व वासे, पाण्याच्या टाकीचे बंधन, घरावर झुकलेल्या फांद्या, पन्हळी, मीटरची पेटी व तिचे अर्थिंग, हे सर्व पाहावे. जे करावयाचे ते कोणी व कोणत्या खर्चाने करावयाचे हे एका कागदावर लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्या. मालक परगावी असेल तर त्याने गावातील एका विश्वासू मनुष्यास किल्ली व थोडा पैसा सोपवून ठेवावा. घरात कोण कोण राहते, त्यांत आजारी, गरोदर किंवा अपंग कोण आहे, हे मालकास व शेजाऱ्यास ठाऊक असावे, म्हणजे वादळाच्या रात्री कोणाचे दार आधी ठोठवावयाचे ते शोधावे लागणार नाही. चार दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी, कोरडा शिधा, विजेरी व तिचे सेल, काड्याची पेटी, औषधे ही तयार असावी. मधुमेहाच्या रोग्याचे इन्सुलिन, शीतपेटी बंद पडल्यास, पाणी न लागेल असे गुंडाळून ओल्या मातीच्या भांड्यात सावलीस ठेवावे, व ते किती दिवस टिकेल हे डॉक्टरास आधीच विचारून ठेवावे. भाड्याच्या करारनाम्याची प्रत, शिधापत्रिका व बँकेचे पुस्तक मेणकापडात बांधून उंच जागी ठेवावे. जेथे करारनामा लेखी नाही तेथे तो करून घ्यावा. कारण आपत्तीनंतर पंचनामा होतो तेव्हा घराची मदत ज्याचे नाव घरावर आहे त्यास मिळते, आणि ज्याच्यापाशी काहीच कागद नाही त्या भाडेकरूस आपण तेथे राहात होतो हे सिद्ध करतानाच घाम फुटतो.

वादळानंतरच्या दिवसांत मालकाची खरी परीक्षा असते. मोडलेले घर हे कित्येकांस निमित्त सापडते. दुरुस्ती मुद्दाम लांबणीवर टाकली म्हणजे भाडेकरू कंटाळून आपणच निघून जाईल व खोली अधिक भाड्याने देता येईल, असा हिशेब करणारे लोक आहेत. ज्यास वाऱ्याने अर्धे उघड्यावर टाकले त्यास उरलेले आपण टाकावे, ह्यास व्यवहार म्हणता येणार नाही. कायद्याचा कलही असाच आहे. आगीने, वादळाने किंवा पुराने घराचा मोठा भाग नष्ट झाला अथवा कायमचा निरुपयोगी झाला, व त्यात भाडेकरूची चूक नसली, तर भाडेपट्टा रद्द करावा की न करावा हे ठरविण्याचा अधिकार सन १८८२ च्या कायद्याने भाडेकरूस दिला आहे. वादळाचे निमित्त करून त्यास काढण्याचा अधिकार मालकास दिलेला नाही. ज्या महिन्यात घर राहण्याजोगे नव्हते त्या महिन्याचे भाडे सोडणे, निदान अर्धे सोडणे, हे प्रत्येक ठिकाणी कायद्याने सांगितलेले नसेल. पण चांगल्या मनुष्यास ते सांगावे लागू नये. त्याचप्रमाणे सरकारी मदत घरासाठी मिळाली असता ती घरासच लावावी. छपराच्या नावाने आलेला पैसा लग्नकार्यास खर्च करून भाडेकरूस ताडपत्रीखाली ठेवणे ही उघड लबाडी आहे.

ह्या सर्वांचा सारांश आम्ही असा काढतो. दोष व कर्तव्य ही दोन निराळी आहेत. वादळ झाल्यावर दोष कोणाचा हे ठरविणे कठीण असते, आणि ते काम न्यायाधीशाचे आहे. परंतु वादळापूर्वी कर्तव्य कोणाचे हे ठरविणे मुळीच कठीण नाही. ज्यास धोका ठाऊक आहे त्याने तो सांगावा. ज्याच्यापाशी साधन आहे त्याने ते लावावे. जो तेथे राहतो त्याने लक्ष ठेवावे. आणि जो सर्वांत दुबळा आहे त्याची आठवण सर्वांनी आधी करावी. दोघेही आपापला वाटा मोजून तेवढाच उचलू लागले, तर मध्ये थोडी जागा उरतेच, आणि पाणी तेथूनच आत येते. म्हणून प्रत्येकाने आपल्या वाट्याहून किंचित अधिक उचलावे. सरकारचे हवामान खाते आता पिवळा, नारिंगी व तांबडा अशा रंगांनी दिवस-दोन दिवस आधी इशारा देते. हे पूर्वीच्या पिढ्यांस मिळाले नव्हते. परंतु तो इशारा छपराचा बोल्ट आवळू शकत नाही. मृग जूनच्या ७-८ तारखेस लागतो, आणि ‘निसर्ग’ वादळ त्याच्याही आधी आले होते. तेव्हा ज्या वाचकांपाशी भाड्याने दिलेली अथवा घेतलेली खोली आहे, त्यांनी मे महिना संपण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाकडे एक निरोप धाडावा, व घरावरून तो एक फेरा मिळून घालावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.